प्रवासी जहाजातील कक्षस्थान, भाडे व सुखसोयी

प्रवासी जहाजात प्रवाशाच्या वास्तव्यासाठी दिलेल्या बंदिस्त खोलीस कक्ष किंवा केबिन म्हणतात. ही खोली जहाजाच्या लांबीत कोठे, कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या बाजूस आहे, यावरून तिचे स्थान ठरते. तिचे भाडे व तीत मिळणारे सुख या दोन्ही गोष्टी स्थानावर अवलंबून असल्या, तरी त्या नेहमी एकाच दिशेने वाढत नाहीत. जहाजाचे हेलकावे, यंत्रांची उष्णता व आवाज, मोकळी हवा, प्रकाश, समुद्राचे दर्शन आणि इतर प्रवाशांपासूनचे अंतर यांपैकी कोणत्या गोष्टीस अधिक मोल द्यावयाचे, हे काळानुसार बदलत गेले. नौकाबांधणीतील सुधारणा, उष्ण समुद्रांतील प्रवासाचे अनुभव आणि शासनाने केलेले नियम यांचा या बदलात मोठा वाटा आहे. कक्ष न मिळता उघड्या डेकवर प्रवास करणारांचा इतिहासही याच विषयाचा भाग होय.

जहाजाच्या हालचाली व कक्षस्थान : लाटांमुळे जहाजाच्या तीन प्रकारच्या हालचाली प्रवाशास विशेष जाणवतात. जहाज डाव्या-उजव्या बाजूंस आळीपाळीने कलते. त्याची पुढील व मागील टोके आळीपाळीने वर-खाली होतात. तसेच संपूर्ण जहाज लाटेबरोबर उचलले जाऊन खाली येते. पहिल्या दोन हालचालींत जहाजाचा मध्य तराजूच्या दांडीच्या टेकूप्रमाणे असतो. टेकूपासून जितके दूर जावे, तितका झोका मोठा होतो. उदा., २०० मी. लांबीचे जहाज मध्याभोवती पुढे-मागे केवळ २ अंशांनी झुकले, तर पुढील टोक सु. ३.५ मी. वर आणि तितकेच खाली जाते. मध्यापासून २० मी. अंतरावरील कक्ष मात्र सु. ०.७ मी. इतकाच हलतो. त्याचप्रमाणे जहाज एका बाजूस ५ अंशांनी कलले असता, कलण्याच्या अक्षापासून ३० मी. उंचीवरील कक्ष आडव्या दिशेने सु. २.६ मी. सरकतो, तर ६ मी. उंचीवरील कक्ष सु. अर्धा मीटर. प्रत्येक हेलकाव्यास सु. ५ ते ६ सेकंद लागत असतील, तर अशा वर-खाली होण्याने मळमळ व ओकारी यांचा त्रास अधिक होतो. यावरून लांबीच्या मध्याजवळचे आणि खालच्या मजल्यांवरील कक्ष सर्वांत स्थिर असतात, हे स्पष्ट होते.

परंतु जहाजाच्या खालच्या मध्यभागीच यंत्रे बसविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. मागील टोकास मळसूत्री पंख्याची थरथर, पुढील टोकास नांगराच्या साखळीचा खडखडाट आणि पाण्याचा मारा, तर वरच्या मजल्यांवर भोजनगृहे, नृत्यगृहे व पादचाऱ्यांची वर्दळ यांचा उपद्रव होतो. म्हणजे सर्व दृष्टींनी सुखकर असे एकही स्थान जहाजात नसते. कोणता उपद्रव सोसावयाचा आणि तो टाळण्यासाठी किती पैसे द्यावयाचे, हा प्रश्न शिडाच्या जहाजांपासून चालत आलेला आहे.

शिडाच्या जहाजांचा काळ : अठराव्या शतकात व एकोणिसाव्याच्या प्रारंभी इंग्लंड व हिंदुस्थान यांदरम्यान ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून ये-जा करीत. त्यांत प्रवाशांसाठी वेगळी अशी रचना नव्हती. जहाजाचा मागील उंच भाग हा कप्तान व अधिकारी यांच्या निवासाचा असे आणि तेथील जागा तेच प्रवाशांना भाड्याने देत. सर्वांत वरच्या दालनास राउंडहाउस म्हणत. तेथे खिडक्यांतून वारा व उजेड येई, म्हणून त्याचे भाडे अधिक आणि तेथील वास्तव्य प्रतिष्ठेचे मानले जाई. मात्र डोक्यावरच्या छतावर खलाशांची सतत धावपळ चालू असल्याने झोप मिळणे कठीण होई. त्याखालील मोठ्या दालनात कापडी किंवा लाकडी पडदे लावून खोल्या पाडीत. प्रवाशाला मिळे ती केवळ रिकामी जागा; खाट, खुर्ची, मेज इ. सामान त्याने स्वतः आणावयाचे असे. वस्तुतः मागील टोक हे हेलकाव्यांच्या दृष्टीने वाईट स्थान होय. परंतु शिडांना लागणारा वारा बहुधा मागून व बाजूने येत असल्याने तेथे हवा स्वच्छ राही आणि पुढील भागातील स्वयंपाकघर, जनावरे व खलाशी यांचा वास पोहोचत नसे. महाग जागा स्थिर असतेच असे नाही, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

आगबोटींचे आगमन : वाफेच्या यंत्रामुळे जहाजातील जागेची वाटणी नव्याने करावी लागली. मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारांत मावणारा कोळसा एडनपर्यंतच्या प्रवासासही अपुरा होता. म्हणून प्रवाशांच्या निवासाच्या जागेतही कोळसा भरण्यात आला. सु. एक महिन्यानंतर ती सुएझला पोहोचली. यंत्र व इंधन यांनी जहाजाचा मध्य व्यापल्यामुळे सुरुवातीच्या आगबोटींत उच्च वर्गाचे कक्ष जुन्या परंपरेप्रमाणे मागील भागातच राहिले. पुढे वल्हेचक्रांच्या जागी मळसूत्री पंखा आला, तेव्हा हाच भाग सर्वाधिक थरथरणारा ठरला. व्हाइट स्टार कंपनीच्या ओशनिक या जहाजाने मार्च १८७१ मध्ये पहिली सफर केली. या जहाजात पहिल्या वर्गाचे कक्ष व भोजनगृह मध्यभागी आणण्यात आले आणि खिडक्याही मोठ्या करण्यात आल्या. ही रचना लवकरच सर्वमान्य झाली व त्यामुळे स्थैर्य आणि भाडे यांचा काही काळ मेळ बसला. मध्यभाग पहिल्या वर्गाचा झाला आणि दोन्ही टोके कमी भाड्याच्या प्रवाशांकडे गेली.

या वाटणीचे गंभीर परिणाम टायटॅनिक जहाजाच्या अपघातात (१५ एप्रिल १९१२) दिसून आले. तेथे तिसऱ्या वर्गातील एकटे पुरुष पुढील टोकास, तर कुटुंबे व एकट्या स्त्रिया मागील टोकास खालच्या मजल्यांवर राहत असत. जीवनरक्षक होड्या सर्वांत वरच्या डेकवर होत्या. पहिल्या वर्गातील सु. ६० टक्के प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातील मात्र सु. २५ टक्केच वाचू शकले. कक्षाच्या भाड्यात बाहेर पडण्याच्या वाटेचे अंतरही नकळत समाविष्ट असते, याची जाणीव या घटनेने जगाला करून दिली. सागरावरील मानवी जीविताच्या सुरक्षिततेविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. प्रत्येक प्रवाशास होडीत जागा मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

सुएझ मार्ग व उष्णतेचा प्रश्न : सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाल्यावर मुंबई हे यूरोपीय टपालजहाजांचे हिंदुस्थानातील प्रमुख बंदर बनले. या मार्गावर हेलकाव्यांपेक्षा तांबड्या समुद्रातील उकाडा अधिक जाचक असे. जहाज दक्षिणेकडे जात असता त्याच्या उजव्या बाजूस दुपारनंतरचे ऊन लागे व त्या बाजूचे कक्ष रात्रीपर्यंत तापलेले राहत. डावी बाजू सकाळी तापून सायंकाळपर्यंत काहीशी निवत असे. परतीच्या प्रवासात याच्या उलट घडे. त्यामुळे हिंदुस्थानकडे येताना डावीकडील आणि इंग्लंडकडे जाताना उजवीकडील कक्षांना अनुभवी प्रवासी पसंती देत. या दोन बाजूंच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून ‘पॉश’ हा शब्द बनला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तथापि तशी अक्षरे छापलेले तिकीट आढळलेले नाही व भाषाभ्यासक ही व्युत्पत्ती ग्राह्य मानीत नाहीत. कथा खोटी असली, तरी तिच्या मुळाशी असलेला उन्हाचा हिशेब खरा आहे.

खालच्या मजल्यांवरील कक्षांची अडचण याहून मोठी होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळला, की पाण्याच्या पातळीजवळच्या गोल खिडक्या बंद कराव्या लागत. मग आतील हवा कोंदट होई. साहजिकच स्थिर परंतु कोंदट अशा खालच्या कक्षापेक्षा अधिक हलणाऱ्या परंतु वाऱ्याच्या वरच्या कक्षाचे भाडे जास्त असे. अतिउष्ण रात्री पहिल्या वर्गाचे प्रवासीही कक्ष सोडून डेकवर बिछाने घालीत. डेकची एक बाजू स्त्रियांसाठी व दुसरी पुरुषांसाठी राखली जाई. पुढे नळांतून हवा खेळविण्याची व्यवस्था आली. तिच्या फिरत्या तोंडाला जहाजी इंग्रजीत ‘पंखा’ या हिंदुस्थानी शब्दावरूनच नाव मिळाले.

यंत्रांतही सुधारणा झाली. पी. अँड ओ. कंपनीच्या १९२९ मधील व्हाइसरॉय ऑफ इंडिया या जहाजात टर्बाइनने वीज निर्माण करून तिच्यावर पंखे फिरविण्याची पद्धत होती. त्यामुळे आवाज व थरथर पुष्कळच कमी झाली. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० च्या ऑक्टोबरमध्ये याच जहाजाने मुंबईहून निघाले. पुढील वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, महात्मा गांधी राजपुताना या जहाजाने दुसऱ्या परिषदेस गेले. त्यांनी दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेतले होते आणि प्रवासातील बराच काळ ते डेकवरच असत. यंत्रे शांत झाल्यावर उरलेला प्रश्न कलण्याचा होता. जहाजाच्या दोन्ही बाजूंस पाण्याखाली हलते पंख बसवून तो बराचसा सोडविण्यात आला. मोठ्या प्रवासी जहाजांपैकी पी. अँड ओ.च्या चुसान (१९५०) या जहाजात ही योजना प्रथम आली. या पंखांनी डाव्या-उजव्या बाजूंचे कलणे कमी होते. पुढील-मागील टोकांचे वर-खाली होणे मात्र फारसे थांबत नाही.

डेकचे प्रवासी : हिंदुस्थानच्या बंदरांतून निघणाऱ्या असंख्य प्रवाशांना कक्ष मिळतच नसे. त्यांना केवळ डेकवर बसण्या-झोपण्याची जागा मिळे. हजयात्रेकरू, पूर्व आफ्रिका, ब्रह्मदेश व मलाया येथे जाणारे मजूर व व्यापारी आणि किनाऱ्यावरील गावोगावचे उतारू यांचा त्यांत समावेश होता. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांतील यात्रेकरूंचा सागरी प्रवासही मुंबई बंदरातून व बहुधा याच वर्गात होई. येथे भाडे जवळजवळ समान असे; परंतु जागा मात्र सारखी नसे. शिडीजवळची, शौचकूपाजवळची, यंत्रगृहावरच्या तापलेल्या पत्र्याची आणि छताच्या कडेची जागा वाईट, तर वाऱ्याच्या बाजूची आडोशाची जागा चांगली समजत. जो आधी चढे व अंथरूण टाके, त्याला ती मिळे.

या प्रवाशांची जागा बाजारावर सोपविणे धोक्याचे आहे, हे शासनाला मान्य करावे लागले. १८७६ मध्ये एतद्देशीय प्रवासी जहाजांविषयी आणि १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांविषयी कायदे करण्यात आले. डेकवरील प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा, हवा, पाणी व वैद्यकीय व्यवस्था ही त्यांची प्रमुख अंगे होती. १९३१ मध्ये सिमला येथे ठरलेल्या नियमांनी अशा जहाजांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय निकष निश्चित केले. त्यांची जागा पुढे विशेष व्यापारातील प्रवासी जहाजांच्या १९७१ च्या कराराने घेतली. त्याला जोडून १९७३ मध्ये जागेच्या आवश्यकतेविषयीचा स्वतंत्र करारलेख झाला. मुंबईहून निघणारी हजयात्रेची सागरी वाहतूक १९९५ मध्ये बंद झाली आणि यात्रेकरू विमानाने जाऊ लागले.

कोकण किनारा : महाराष्ट्रात जहाजातील स्थान व भाडे यांचा संबंध सर्वसामान्यांच्या अनुभवास आला तो मुंबई-गोवा मार्गावरील आगबोटींत. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीस जाई. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी या मार्गावर दीर्घकाळ चालल्या. नंतर चौगुले कंपनीच्या कोकण सेवक व कोकण शक्ती या बोटी आल्या. खालचा डेक, वरचा डेक व केबिन अशी जागेची चढती प्रतवारी असे. खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवत. परंतु यंत्राची धग, तेलाचा दर्प व मालाची गर्दी यांमुळे तेथे रात्र काढणे कष्टाचे होई. वरच्या डेकवर वारा असे, मात्र तुषारांनी अंथरुणे भिजत. चटई किंवा सतरंजी पसरून जागा धरण्यासाठी धक्क्यावर मोठी झुंबड उडे. अनेक बंदरांत बोट किनाऱ्यापासून दूर उभी राही व उतारूंची चढउतार पडावांतून केली जाई. अशा वेळी शिडीपासून दूर असलेली सुखाची जागा म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या स्त्रिया यांना गैरसोयीची ठरे. पावसाळ्यात ही दूरची वाहतूक बंद असे.

मुंबई बंदरालगतची जवळच्या पल्ल्याची वाहतूक मात्र पावसाळ्यातही चाले. रामदास ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत खवळलेल्या समुद्रात लाटांच्या माऱ्याने ती कलली, प्रवाशांची एका बाजूस गर्दी झाली आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कक्षांत विभागलेले प्रवासी आपापल्या जागी राहतात. उघड्या डेकवरील समुदाय मात्र भीतीने, पावसाने वा लाटेने एका बाजूस सरकतो. उंचावरील असे सरकते वजन लहान बोटीचा तोल घालवू शकते. प्रवाशांची संख्या व त्यांची जागा यांवरील बंधने ही केवळ सोयीची बाब नसून जहाजाच्या स्थैर्याची बाब आहे, हे या दुर्घटनेवरून स्पष्ट होते. रस्ता वाहतूक वाढल्यावर १९८० नंतरच्या दशकात मुंबई-गोवा मार्गावरील या बोटी बंद पडल्या.

सहलजहाजे : केवळ सहलीसाठी बांधलेले पहिले जहाज म्हणून हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे (१९००) या जहाजाचा उल्लेख करतात. त्यात एकच वर्ग होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमान वाहतुकीमुळे नियमित प्रवासी जहाजे मागे पडली आणि सहलजहाजांची वाढ झाली. त्यांत वर्ग जवळजवळ नाहीसे झाले. भोजनगृहे, तरणतलाव व करमणूक सर्वांना खुली असते. त्यामुळे भाड्यातील फरक मुख्यतः कक्षाच्या आकारावर व स्थानावर आला. वातानुकूलनामुळे खिडकी उघडण्याची गरज उरली नाही व यंत्रांचा आवाजही घटला. परिणामी हवेची जागा दृश्याने घेतली. १९८४ मधील रॉयल प्रिन्सेस या जहाजाचे सर्व कक्ष बाहेरच्या बाजूस होते आणि त्यांपैकी अनेकांना सज्जे होते. त्यानंतर सज्जाचा कक्ष ही सहलजहाजाची प्रमुख विक्रीवस्तू बनली. खिडकी नसलेल्या आतील कक्षांनाही काही दर्शनीय मिळावे म्हणून व्हॉयेजर ऑफ द सीज (१९९९) या जहाजात आतील रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या ठेवण्यात आल्या.

सामान्यतः भाड्याची चढती भाजणी आतील कक्ष, खिडकीचा कक्ष, सज्जाचा कक्ष व दालनसमूह अशी असते. एकाच प्रकारात वरचा मजला व मध्यभाग यांस अधिक दर लावतात. जीवनरक्षक होडीमुळे दृश्य अडलेले, लिफ्टजवळचे, स्वयंपाकघराच्या वा नृत्यगृहाच्या खाली-वर असलेले कक्ष स्वस्त मिळतात. कक्षाची निवड कंपनीवर सोडणाऱ्यासही सवलत असते. दोघांसाठीच्या कक्षात एकट्याने राहिल्यास मात्र अधिभार द्यावा लागतो.

मुंबईतही या प्रकारच्या प्रवासाचा पुनःप्रारंभ झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंग्रिया हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले. त्यात सामाईक शयनगृहातील शय्यांपासून दांपत्यासाठीच्या खोल्यांपर्यंत अनेक प्रती होत्या. जुन्या कोकण बोटीतील डेक व केबिन यांचेच ते नवे रूप म्हणता येईल. २०२० मधील कोविडच्या साथीनंतर ही सेवा थांबली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. हे जहाज १९९० मध्ये बांधलेले असल्याने त्यात सज्जाचे कक्ष थोडे आणि आतील व खिडकीचे कक्ष बहुसंख्य आहेत. कक्षांची वाटणी जहाजाच्या बांधणीच्या काळावर कशी अवलंबून असते, याचे हे उदाहरण होय.

मूल्यमापन : कक्षाचे भाडे स्थैर्यावरून ठरत असते, तर खालच्या मजल्यावरील मध्यभागाचा आतील कक्ष सर्वांत महाग झाला असता. प्रत्यक्षात तो बहुधा सर्वांत स्वस्त असतो. ज्याला समुद्र लागतो, अशा प्रवाशाला तोच अधिक सुखकर. उलट वरच्या मजल्यावरील पुढील टोकाचा महाग कक्ष खवळलेल्या समुद्रात त्याला असह्य होण्याचा संभव असतो. शिडाच्या काळी वारा, सुएझ मार्गावर सावली, आगबोटींत यंत्रापासूनचे अंतर आणि आधुनिक सहलजहाजात समुद्राचे दृश्य यांसाठी प्रवाशांनी अधिक पैसे मोजले. ज्या काळी जी गोष्ट दुर्मिळ होती, तिचेच भाडे वाढत गेले. मात्र किमान जागा, स्वच्छ हवा आणि होडीपर्यंतची मोकळी वाट या गोष्टी भाड्याच्या कक्षेबाहेर काढून सर्वांना समान मिळाव्यात, हे तत्त्व कायद्याने व मोठ्या जीवितहानीनंतर प्रस्थापित झाले आहे. जहाजातील महाग व स्वस्त जागांमधील फरक आज सुखाचा आहे, जीविताचा नव्हे, हे त्या तत्त्वाचे फळ होय.